साडेपाचशेचा ओबीडी स्कॅनर, आठ महिने वापरून

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, निळसर प्लास्टिकचा, एका बाजूला सोळा पिना आणि वर एक बारीक लाल दिवा. ऑनलाइन ५४९ रुपयांना आला. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आत एक कागद होता तो वाचून काही कळेल असा नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा हा ओबीडी स्कॅनर मी फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर चालू आहे. घ्यावा का? घ्यावा. पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे मला आधी आठ हजार रुपये घालवून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात कर्वेनगरला डबे करते. रोज दुपारचे बेचाळीस. त्यातले सतरा इथल्याच होस्टेलमधल्या मुलामुलींचे, ते पोरगा स्कूटरवर पोचवतो. उरलेले पंचवीस बावधन आणि बाणेरला जातात, ते मी स्वतः गाडीने नेते. गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर विषय भलतीकडे जातो. साडेअकराला घरून निघायचं आणि एकच्या आत शेवटचा डबा टेबलावर. या दीड तासात गाडीने नखरे केलेले मला परवडत नाहीत.

जानेवारीत डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी तशी चालत होती. पिकअप जरा जड वाटायचा आणि अ‍ॅव्हरेज सोळावरून साडेबारा-तेरावर आलं होतं, ते मी वारज्याच्या ट्रॅफिकच्या माथी मारलं होतं. सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने टॅबसारखं काहीतरी जोडलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." नवा सेन्सर, मजुरी, टॅक्स धरून ८,१४० रुपये. दिवा गेला. नवव्या दिवशी वारजे पुलाखालच्या सिग्नलला उभी असताना परत लागला. पुन्हा गेले तर म्हणतात, "मॅडम, आता मागचा सेन्सरपण बघावा लागेल." म्हटलं, बघा की, बघायला माझी ना नाही. तर ते 'बघणं' म्हणजे बदलणं निघालं.

मी गाडी काढून घरी आणली आणि त्याच रात्री स्कॅनर मागवला.

खरं तर हा माझा दुसरा पीस. पहिला २९९ चा होता, तो गाडीशी बोलेचना. मोबाइलला जोडला जायचा, दिवाही लुकलुकायचा, पण अ‍ॅपमध्ये 'ईसीयूशी (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी) संपर्क नाही' याच्या पुढे गाडं जात नव्हतं. परत पाठवला. नंतर कळलं ते असं. या सगळ्या स्वस्त स्कॅनरच्या पोटात ईएलएम ३२७ नावाच्या चिपची नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. नक्कल करणारे त्यावर '१.५' किंवा '२.१' असा आवृत्तीचा आकडा छापतात. आकडा मोठा म्हणून २.१ घ्यायला जाल तर फसाल, कारण त्यातल्या बऱ्याच पिसांना जुन्या गाड्यांची सगळी भाषा येत नाही. १.५ वाले जास्त गाड्यांशी बोलतात. गंमत अशी की मूळ कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणजे माझा चालणारा पीससुद्धा डुप्लिकेटच, फक्त शहाणा डुप्लिकेट.

जोडायला काही अक्कल लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जवळ, एक चौकोनी-तिरकस खाच असते. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या सरकारी नियमातल्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत खाच शोधली की सापडतेच. माझ्या गाडीत ती फ्यूजच्या झाकणाआड होती, मी अर्धा तास मोबाइलचा टॉर्च घेऊन पायपुसण्यावर आडवी. स्कॅनर खोचायचा, किल्ली ऑनवर, ब्लूटूथ, पिन १२३४. मग टॉर्क किंवा कार स्कॅनर यातलं कोणतंही अ‍ॅप. मी दोन्ही वापरली, कार स्कॅनर मला जास्त सोपं वाटलं. आयफोनवाल्यांनी मात्र साधा ब्लूटूथवाला पीस घेऊ नये, तो त्यांच्या फोनला दिसणारच नाही. त्यांच्यासाठी वाय-फायचा किंवा ब्लूटूथ ४ चा वेगळा मिळतो.

पहिल्याच दिवशी कोड आला: पी०१७१. अर्थ, 'मिश्रण फार पातळ'. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. यात 'ऑक्सिजन सेन्सर खराब' असं कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सर फक्त सांगतोय की जळून बाहेर आलेल्या धुरात मला ऑक्सिजन जास्त दिसतोय. निरोप्याने वाईट बातमी आणली म्हणून निरोप्याच बदलला, असा तो आठ हजारांचा हिशोब होता.

आता इथे आमच्या टेकडीवरच्या काकांचा संबंध येतो. सकाळी मी एआरएआयच्या टेकडीवर जाते, तिथे एक निवृत्त गृहस्थ रोज भेटतात. आयुष्यभर भोसरीत गाड्यांचे पार्ट करण्यात गेलेलं. त्यांना कोड सांगितला तर ते चालता चालता थांबलेच. म्हणाले, "कोड राहू दे. फ्यूएल ट्रिम किती येतंय ते बघ. एकदा गाडी उभी ठेवून, आणि एकदा रेस देऊन पंचवीसशेला. आणि एक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघ."

फ्यूएल ट्रिम हे मला माझ्या भाषेत कळलं ते असं. आमटी उकळत असते, पळीने चव बघायची, मीठ कमी वाटलं की चिमूटभर टाकायचं, परत चव बघायची. इंजिनचा कॉम्प्युटर हेच करतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे चव बघणारी पळी आणि पेट्रोल म्हणजे मीठ. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी टाकावं लागतंय तो आकडा म्हणजे ट्रिम. क्षणाक्षणाला बदलतो तो शॉर्ट टर्म. 'ही आमटी रोजच अळणी लागते, आता मापच वाढवा' असं शिकून ठेवलेला तो लाँग टर्म. दोन्ही शून्याच्या आसपास असावेत, दहाच्या आत असले तरी चालतं. माझ्या गाडीत उभी असताना लाँग टर्म अधिक १९, शॉर्ट टर्म अधिक ५. म्हणजे चोवीस टक्के पेट्रोल जास्तीचं टाकून झालं होतं आणि तरी कॉम्प्युटरला आमटी अळणीच लागत होती. रेस वाढवून २,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर, नेली की दोन्ही मिळून अधिक ६ वर यायचं.

नव्या सेन्सरनंतर दिवा नऊ दिवस का गप्प होता तेही यातच कळलं. कोड पुसला की कॉम्प्युटरने शिकलेलं मापही पुसलं जातं. मग तो परत पहिलीपासून शिकत वर चढतो. मर्यादेपर्यंत पोचला, आणि सलग दोन फेऱ्यांत तेच दिसलं, की दिवा. नऊ दिवस सेन्सरने काही दुरुस्त केलं नव्हतं, कॉम्प्युटर अभ्यास करत होता.

आणि प्लग. वारज्यात माळवाडीच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, टपरीएवढं गॅरेज, एक लिफ्टसुद्धा नाही. त्यांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. काजळ. बोटाला लागेल अशी काजळी. पेट्रोल कमी पडलं असतं तर प्लग पांढुरका दिसायला हवा होता. कोड म्हणतो मिश्रण पातळ, प्लग म्हणतो दाट. मिस्त्री म्हणाले, "ताई, दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय."

मी काकांना फोन लावून दिला. दोघं पाच मिनिटं बोलले, माझ्या फोनवर, माझ्याच टॉकटाइमवर, आणि मला काही सांगेनात. फोन ठेवल्यावर मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी गाडी चालू न करता मला थंडच पाहिजे. मीच येतो." सात वाजता आले. मला आत बसवलं आणि स्वतः जाड ओलं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी बसले. "मारा स्टार्टर." गाडी चालू झाल्याबरोबर त्यांनी फडकं तोंडावर दाबलं, पूर्ण नाही, अर्धवट. पुढून, इंजिनच्या अंगाने, आवाज आला: टिक टिक टिक, आणि त्यात बारीक फुस्स.

तो आवाज मी ओळखला. कुकरचं पॅकिंग एका बाजूने कडक झालं की शिट्टीच्या आधी तिथून अशीच वाफ निसटते. आणि ही टिकटिक मी रोज सकाळी ऐकत होते! तीन-चार मिनिटांत ती बंद व्हायची, म्हणून मी समजायचे की गाडी थंड आहे, कुरकुर करतेय. खरी गोष्ट अशी की लोखंड तापून फुगलं की फट मिटायची. पूर्ण नाही, आवाज जाण्यापुरती.

बोनेट उघडून त्यांनी टॉर्च मारला. धूर इंजिनमधून बाहेर पडतो तिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो, त्याच्या जोडावर काळा फराटा उमटला होता, कंदिलाच्या काचेवर धरतो तसा. एक नट ढिला, आतलं पॅकिंग एका कोपऱ्यात जळून गेलेलं. ऑक्सिजन सेन्सर त्या जोडाच्या वीतभर पुढे. आता, फटीतून धूर बाहेर जाईल हे कोणालाही कळतं. पण धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे तीच फट बाहेरची हवा आत ओढून घेते. ती हवा सेन्सरला दिसते. तो बिचारा खरंच सांगत होता की माझ्यासमोर ऑक्सिजन आहे. फक्त तो सिलिंडरमधून आलेला नव्हता, वारज्याच्या हवेतला होता. पळी नळाखाली धुऊन तशीच ओली आमटीत घातली तर चव पाणचट लागणारच. आपण मीठ टाकत राहतो आणि जेवणारे तोंड वाकडं करतात. रेस दिली की धुराचा जोर वाढतो, हवा आत यायला वाव कमी मिळतो, म्हणून पंचवीसशेला आकडा उतरायचा. अ‍ॅव्हरेज का पडलं, प्लग का काळे, सगळ्याचा हिशोब लागला.

नाना पेठेत जाऊन पॅकिंग मीच आणलं, ३८० रुपये. स्टड आणि नट ९०. मजुरी ६००, आणि त्या दिवशीचा एक डबा, तो त्यांनी मागितला नव्हता. तिन्ही प्लग नवे घातले, ते वेगळे. तीन दिवसांनी ट्रिम अधिक २ आणि उणे १ यांच्यात खेळत होता. अ‍ॅव्हरेज पंधराच्या वर आलं.

या सगळ्यात स्कॅनरने काय केलं? फट त्याने शोधली नाही. ती फडक्याने आणि कानाने सापडली. पण ट्रिमचा आकडा उभ्या गाडीत किती आणि रेसमध्ये किती हे त्याने दाखवलं नसतं तर कोणी फडकं घेऊन बसलंच नसतं. सर्व्हिस सेंटरच्या टॅबमध्येही हे आकडे होतेच, माझ्यापेक्षा चांगले असणार. कोणी ते पान उघडलं नाही, एवढंच.

पुढचा प्रसंग पावसाळ्यातला. माझ्या गाडीला मसाल्याचा आणि तुपाचा वास कायमचा मुरलाय. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर त्यामुळे माझ्या बोनेटखाली मुक्कामाला. जुलैत एक दिवस किल्ली फिरवल्याबरोबर रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि थांबेना. इंजिन थंडगार. बावधनला डबे देऊन परत स्टार्टर मारला तर गाडी खोकत, पेट्रोलचा वास सोडत मुश्किलीने चालू झाली. स्कॅनर लावला: पी०११८, आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान उणे ४०.

उणे चाळीस. बावधनमध्ये. जुलैत.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटरला तिकडून काहीच उत्तर येत नाही, आणि त्याच्या कोष्टकात 'काहीच नाही' म्हणजे अतिशय थंडी. म्हणून उणे ४०. मग तो हिमालयात असल्यासारखं पेट्रोल सोडतो, आणि खात्री नाही म्हणून पंखाही चालू ठेवतो. उलट वायर बॉडीला टेकून शॉर्ट झाली तर आकडा अशक्य गरम दाखवतो आणि कोड पी०११७ येतो. दोन्ही वेळा पहिला संशय वायरवर घ्यायचा, सेन्सरवर नंतर. बोनेट उघडलं तर सेन्सरच्या कनेक्टरपासून चार बोटांवर वायर कुरतडलेली, तांब्याची टोकं चमकत होती. मिस्त्रींनी जोड सोल्डर केला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, पैसे घेतले दीडशे. दुकानात गेले असते तर नवा सेन्सर माथी पडला असता आणि तोही उणे चाळीसच म्हणाला असता.

उंदरांसाठी लोक तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, काय काय सुचवतात. मी तंबाखू बांधून पाहिली. आठवडाभर गाडीत पानटपरीचा वास होता आणि उंदीर होतेच. आता डबे पोचवून आले की गाडी आतून पुसून घेते आणि रात्री बोनेट थोडं उघडं ठेवते. बरा फरक आहे.

यावरून एक सवय लागली. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालू करायच्या आधी, किल्ली ऑन करून दोन आकडे बघायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत. परवा २४ आणि २५ होते. यात पंधराचा फरक दिसला तर दोनपैकी एक सेन्सर बहकलाय. तेव्हाच मॅपचा आकडाही बघते, म्हणजे इंजिनमध्ये हवा जाते त्या नळीतला दाब. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे इथे तो ९४-९५ किलोपास्कल येतो. दिवाळीच्या खरेदीला पनवेलला बहिणीकडे जाताना घाट उतरून खोपोलीला चहाला थांबलो, तिथे किल्ली ऑन करून बघितलं तर १००. नवरा म्हणाला, चहा थंड होतोय. मला मात्र खोपोली खालच्या अंगाला आहे हे माझ्या साडेपाचशेच्या यंत्राला कळलं याचं फार कौतुक वाटलं. मॅपवर शंका असेल तर हा बिनपैशाचा तपास आहे. पुण्यात बंद गाडीत ७० दाखवला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. चालू गाडीत, नुसती उभी असताना, माझ्याकडे ३३-३५ येतो.

ऑगस्टमध्ये चांदणी चौकाच्या चढावर गाडी थरथरायला लागली आणि दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. हे वेगळं असतं बरं का. स्थिर दिवा म्हणजे जमेल तेव्हा दाखवा. लुकलुकता दिवा म्हणजे सिलिंडर मिसिंग करतोय, न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो तापून कामातून जाऊ शकतो. मी गाडी बाजूला घेतली, डबे रिक्षात घातले. कोड पी०३०२, दुसरा सिलिंडर. मिस्त्रींनी दुसऱ्या नंबरची, स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली, मी कोड पुसला, पाच मिनिटं गाडी तशीच उभ्याउभ्या चालवली. आता कोड पी०३०३. आजार कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच आजारी. जागेवरच राहिला असता तर प्लग, नाहीतर इंजेक्टर बघावा लागला असता. एक कॉइल घेतली, तिन्ही नाही. दुकानदाराने तिन्हीचा सेट पुढे केलाच होता.

आता कमतरता, कारण आहेत. हा स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचं बोलतो. एबीएसचा, एअरबॅगचा, पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला तर माझ्या पिसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यासाठी महागडा स्कॅनर लागतो. जे सेन्सरला दिसत नाही ते यालाही दिसत नाही: क्लच घसरतोय, माउंट तुटलंय, ऑइल गळतंय, कशाचाच कोड येत नाही. बॅटरीचा व्होल्टेज दाखवतो, पण तो माझ्या मल्टिमीटरपेक्षा पाव व्होल्ट कमी सांगतो. एकदा मीटर लावून फरक मोजून ठेवला की काम भागतं. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास असला म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघं ठीक. ब्लूटूथ अधूनमधून तुटतो. आकडे सावकाश बदलतात, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरची ०.१ ते ०.९ व्होल्टची उडी आलेखात पायऱ्यांसारखी दिसते.

आणि तो खाचेत कायम ठेवू नका. गाडी बंद असतानाही तो थोडा करंट खात राहतो. गावाला गेलात आणि गाडी पंधरवडाभर उभी राहिली तर आल्यावर ढकलावी लागेल. शिवाय पिन बहुतेकांची १२३४ च असते, शेजारच्या कोणालाही जोडता येईल. आणि तो बरोबर गुडघ्याला लागतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र त्यातल्या 'कोड पुसा' या बटणाचा. हात शिवशिवतो. दिवा गेला की बरं वाटतं. पण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणजे बिघाड नोंदला त्या क्षणी गाडीचा वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, ही सगळी साक्ष. माझ्या पी०१७१ ची फ्रीझ फ्रेम म्हणत होती: वेग शून्य, आरपीएम ७८०, कूलंट ८८. म्हणजे तापलेली गाडी, सिग्नलला उभी. काकांनी 'उभी ठेवून बघ' म्हटलं त्याला आणखी एक पुरावा हाच होता. आता मी आधी स्क्रीनशॉट काढते, मग मिस्त्रींना पाठवते, पुसायचं ते त्यांनी सांगितल्यावर. सोसायटीतल्या एका भावजींनी माझा स्कॅनर नेऊन महिनाभर रोज सकाळी कोड पुसले आणि मग म्हणाले, वहिनी, तुमच्या यंत्राने काही फरक पडला नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या खोक्यातल्या कागदासाठी कापला. किल्ली ऑन करायची एवढंसुद्धा त्यात धड लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मात्र नवा कोड आलाय, पी०४२०. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज शांत असायला हवा, तो पुढच्याबरोबर वरखाली नाचतोय. ती फट बुजेपर्यंत जे जास्तीचं पेट्रोल ओतलं गेलं आणि ऑगस्टमध्ये जे मिसिंग झालं, त्याचं बिल बहुधा हेच. नव्या कन्व्हर्टरची किंमत मी विचारली आणि विषय तिथेच थांबवला. मिस्त्री म्हणतात, "ताई, घाई नको, आधी मागच्या जोडाला फट नाही ना ते बघू." रविवारी डबे नसतात. गाडी रात्रभर थंड ठेवायची आहे, आणि जुनं फडकं त्यांनी मला आठवणीने धुऊन ठेवायला सांगितलंय.